प्लेन मान्येनच्या आत्याची जुनी गाणी

आमच्या आत्यानं गणपतीला मोदक देणं बंद केलं, तेव्हा त्याचं कारण तिनं पुजाऱ्याला नाही, थेट गणपतीलाच सांगितलं. मूर्तीसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "देवा, शंभर वरसं तू नुसतं गोड खातोयस. प्वाट बघ तुझं. औंदा तिखट खा." आणि केळीच्या पानावर तिनं मोजून एकवीस गातो पिमां मांडले. गातो पिमां म्हणजे आमच्या मॉरिशसमध्ये नाक्यानाक्यावर मिळणारे, हिरवी मिरची घातलेले डाळीचे छोटे वडे.

माझे बाबा शेजारी सोवळं नेसून उभे होते. ते म्हणाले, "आक्का, हे शास्त्रात नाही."

"शास्त्रात तू तरी कुठं हायस?" आत्या म्हणाली आणि आरती सुरू केली.

आत्या बाबांची थोरली बहीण. प्लेन मान्येनला राहायची, विमानतळाच्या अलीकडे, उसाच्या शेतांना लागून असलेल्या पत्र्याच्या घरात. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. बाराव्या वर्षापासून ती शेतावर खुरपणीला आणि तोडणीला जायची. साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा, पायांत रबरी बूट, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची गवती टोपी. ही टोपी ती देवळातसुद्धा काढत नसे. कुणी हटकलं तर म्हणे, "खाली काय हाय ते देवाला ठावं हाय."

तिच्या दोन शेळ्या होत्या. एकीचं नाव मिनिस्टर, दुसरीचं इन्स्पेक्टर. मिनिस्टर दिसेल ते खायची आणि इन्स्पेक्टर नुसती बघत उभी राहायची. संध्याकाळी आत्या अंगणातून त्यांना हाका मारू लागली की रस्त्यानं जाणारे पोलीस माना खाली घालून पुढे जात.

दर रविवारी ती विमानतळावर जायची. कुणाला आणायला नाही, पोहोचवायला नाही. डब्यात फराटा, म्हणजे आमच्याकडचा पराठा, घेऊन गच्चीवर बसायची आणि जाणाऱ्या प्रत्येक माणसाला हात हलवायची. विमानाकडे चालत निघालेली अनोळखी माणसं गोंधळून परत हात हलवत. मी एकदा विचारलं, "आत्या, ओळखतेस तू त्यांना?" ती म्हणाली, "मो पा कोने. पन जाताना कुनीतरी बघतंय, एवढं त्येंना वाटलं म्हंजे झालं."

'मो पा कोने' म्हणजे बेटावरच्या क्रेओल बोलीत 'मला ठाऊक नाही'. आत्याचं बोलणं असंच. अर्धं कोकणातून जहाजावर चढून आलेलं, अर्धं बेटावर उतरल्यावर चिकटलेलं, आणि दोन्हींमध्ये शिव्या.

बाबा नेमके उलटे. ते पोर्ट लुईला सरकारी कचेरीत होते. बो बासेंला आमचं सिमेंटचं घर, बाहेर गुलाब, आत काचेच्या कपाटात मराठी पुस्तकं. प्लेन मान्येनची बोली त्यांनी विशीतच अंगावरून घासून काढली आणि भारतातून पोस्टानं पुस्तकं मागवून शुद्ध मराठी शिकले. ती इतकी शुद्ध होती की बोलताना ते 'तथापि' म्हणत. जेवताना म्हणत. "आमटी चांगली आहे, तथापि मीठ न्यून आहे." मराठी मंडळाचे ते चिटणीस होते आणि आपली संस्कृती समुद्रात बुडत चालली आहे, ती वाचवायला बेटावर आपण एकटेच उरलो आहोत अशी त्यांची खात्री होती.

आईचा ह्या सगळ्यावर एकच शेरा असे. तोंडाचा चंबू करून ती म्हणे, "मो पा कोंप्रान." मला समजत नाही. तीही मराठ्यांचीच मुलगी, पण पोर्ट लुईत वाढलेली. घरात क्रेओल, डॉक्टरकडे फ्रेंच, आणि मराठी कधीच नाही. "मराठीनं नोकरी मिळत नाही, नवरा तेवढा मिळतो," असं ती बाबांसमोरच म्हणायची.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होते. मला मराठी समजे, वाचता-लिहिता येई. बोलायची वेळ आली की जीभ क्रेओलकडे पळे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याहून एक प्राध्यापक यायचे ठरले होते आणि त्यांच्या हस्ते मंडळ पूर्वजांच्या गाण्यांचं पुस्तक प्रकाशित करणार होतं. गाणी कुठून आणायची? जुन्या बायका एकेक करून गेल्या होत्या. शेवटी बाबांना नाइलाजानं आपली बहीण आठवली.

"तिची भाषा भ्रष्ट आहे," बाबा मला म्हणाले, "तथापि स्मरणशक्ती चांगली आहे. तू दर शनिवारी जा आणि उतरवून आण."

पहिल्या शनिवारी मी मंडळाचा टेपरेकॉर्डर घेऊन गेले. घरी येऊन बाबांनी कॅसेट लावली. पाऊण तास ऐकू आलं ते असं: मिनिस्टर, तिकडं नको, मिनिस्टर, तुझ्या आयला, विमान, विमान, आणखी एक विमान. दुसऱ्या शनिवारपासून मी वही नेऊ लागले.

बो बासेंहून क्युरपीप, तिथं बस बदलून प्लेन मान्येन. पोहोचेपर्यंत दहा वाजत. आत्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत असे. मलाही सुपात हात घालायला लावी. शेंगा संपल्याशिवाय गाणं नाही. मग डोळे मिटून एक गाणं, फार तर दोन. तिसरं मागितलं की म्हणे, "फुडच्या शनिवारी. समदं आज न्हेलंस तर फुडं काय न्हेशील?"

ती गाणी फार मजेची होती. मला सगळ्यात आवडलेलं हे:

*लोखंडाची घार बाई, पोटात मानसं घेऊन जाई*
*चोच न्हाय, अंडं न्हाय, शेजारनीचा ल्योक न्हेई*

आणि दुसरं एक, हळदीचं, सासूवरचं:

*सासू माझी बसली पाटावर*
*पाट म्हनतो, "आई गं, मेलो!"*

मी वही घरी आणली की बाबा लाल पेन्सिल घेऊन बसत. 'मानसं'ची 'माणसं' झाली, इथवर ठीक होतं. पण 'ल्योक' जाऊन 'पुत्र' आला आणि घार लंगडायला लागली. सासूच्या गाण्यापाशी बाबा बराच वेळ थांबले.

"हे असं छापता येणार नाही. पुण्याचे लोक काय म्हणतील?"

"मग गाळायचं?" मी विचारलं.

"गाळायचं कशाला? वारसा आहे. संस्कार करू." आणि त्यांनी मलाच संस्कार करायला सांगितलं. मी हुशार मुलगी. पाच मिनिटांत केला. पाट म्हणतो, "धन्य झालो!"

बाबांनी माझी पाठ थोपटली. त्यानंतर मला ती गोडीच लागली. आत्याची गाणी शनिवारी ऐकायची आणि रविवारी धुऊन काढायची. सव्वीस गाणी मी अशी धुतली. आत्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे भीती नव्हती.

समारंभ मंडळाच्या सभागृहात झाला. बाबांनी आत्यासाठी भारतातून आलेली नऊवारी ठेवली होती. ती नेसायची कशी ते मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानं ती रोजच्या साडीवरूनच आपल्या पद्धतीनं गुंडाळली, खाली रबरी बूट घातले, वर टोपी. बाबांनी फक्त टोपीकडे बोट केलं. आत्यानं फक्त बाबांच्या टकलाकडे बघितलं. टोपी राहिली.

प्राध्यापक सज्जन होते. सडपातळ, चष्मा, सतत घाम पुसणारे. घारीच्या गाण्यावर ते अर्धा तास बोलले. ही घार म्हणजे आपल्या पूर्वजांना मातृभूमीपासून तोडून नेणारं जहाज. तिला चोच नाही कारण काळाला तोंड नसतं. अंडं नाही कारण वियोगातून काही जन्माला येत नाही. समोरच्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत होते. व्यासपीठावर आत्या पदर तोंडात धरून थरथरत होती. मला वाटलं, तिला गहिवरून आलं.

मग माझी पाळी आली. पुस्तक उघडून मी स्वच्छ आवाजात वाचलं, "सासू माझी बसली पाटावर, पाट म्हणतो, धन्य झालो."

"काय म्हनला?" मागून आत्याचा आवाज आला.

"धन्य झालो," मी पुटपुटले.

"पाटाला येड लागलंय काय?" आत्या उठली. माझ्या हातातून तिनं माईक घेतला, नांगराचं दांडकं धरावं तसा. "ह्ये माझं गानं न्हाय. आयका." आणि टोपी मागे सारून तिनं ते मूळचं म्हटलं. पाटाची किंकाळी इतकी खरी होती की बाहेर उभ्या असलेल्या बसचा ड्रायव्हर आत डोकावला.

मग कुणीतरी हसलं, मोठ्यानं, गुडघ्यावर हात मारून. ती माझी आई होती. जन्मभर 'मो पा कोंप्रान' म्हणणारी माझी आई सभागृहात सगळ्यांच्या आधी हसली. मग बाकीचे फुटले. आत्यानं अख्खं गाणं म्हटलं, सगळी कडवी. पुढच्या कडव्यांत पाट सोडून आणखी बऱ्याच वस्तू होत्या. प्राध्यापकांनी खिशातून वही काढली आणि हळूच मला विचारलं, "शेवटची वस्तू काय म्हणाल्या त्या? उखळ का?"

बाबा हसले नाहीत. लोक गेल्यावर, रिकाम्या खुर्च्यांच्या मधे उभे राहून ते आत्याला म्हणाले, "माझी लाज काढलीस. वीस वर्षं मी ह्या लोकांना सांगतोय, आपण कोण आहोत ते. तू एका मिनिटात गावंढळ ठरवलंस सगळ्यांना."

"मी गावंढळच हाय, बारक्या. तूबी हायस. कपडं बदललंस म्हनून काय झालं?"

"पूर्वजांच्या गाण्यांची तुला किंमत नाही."

"पूर्वज बिर्वज ऱ्हाऊ दे. गानी माझी हायत."

"तुझी कशी? सगळ्या समाजाची आहेत."

आत्यानं काही तरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं. नऊवारी तिथंच सोडून, आतल्या रोजच्या साडीवर ती बस पकडायला गेली. दोघं पुढे जवळजवळ दोन वर्षं बोलले नाहीत. गणपतीत बाबा प्लेन मान्येनला गेले नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे मोदक होते, आईनं फ्रेंच पेस्ट्रीच्या पिठाचे केलेले, आणि ते कुणालाच गेले नाहीत.

मीही महिनाभर गेले नाही. गुन्हा माझ्याही हातचा होता. शेवटी एका शनिवारी, वही न घेता, गेले. आत्या ओट्यावर होती. सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "शेंगा सोल."

मी सोलू लागले. मग एकदम रडायलाच लागले. "आत्या, गाणी मी बदलली. बाबांनी नाही. 'धन्य झालो' माझं आहे. सगळी सव्वीस मीच बदलली."

"बरं."

"बरं काय? मला शिव्या दे ना!"

आत्यानं शेंगा बाजूला ठेवल्या. टोपी काढली. मी तिचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं, पांढरे, लहान मुलीसारखे विरळ केस. "आयक," ती म्हणाली. "आयेची गानी मला पाच-सा येत व्हती. ती पयल्या चार शनवारांत सपली."

मला काही कळेना. "आणि बाकीची?"

"बाकीची तू यायच्या आदल्या दिशी शेतात करायची. खुरपता खुरपता."

"घार?"

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. पत्रे थरथरले. आत्यानं फक्त बोट वर केलं. शेजारणीचा मुलगा त्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेला होता. ते मला माहीत होतं, मीच शेजारणीसाठी त्याची पत्रं वाचून दाखवत होते.

"पण का? सरळ सांगायचं ना, संपली म्हणून."

"सांगितलं असतं तर फुडच्या शनवारी आली असतीस?"

आले नसते. सिनेमाला गेले असते.

"बापाला सांगू नगंस," आत्या म्हणाली. "त्येला जुनं पायजेल हुतं. दिलं."

मी सांगितलं नाही. ते गुपित सांभाळणं सोपं नव्हतं, कारण पुस्तक चालू लागलं. गावोगावच्या संध्याकाळच्या बैठकांत, जिथं मुलं मराठी शिकत, तिथं घार पाठ करून घेतली जाऊ लागली. पुण्याहून प्राध्यापकांनी आपला लेख छापून पाठवला. बाबांनी तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. जेवताना समोर दिसायचा. मी मान वळवून बसायची, आणि आई विचारायची, "तुझ्या मानेला काय झालंय?"

मग वादळ आलं. आमच्याकडे चक्रीवादळं येतातच, पण ह्यानं प्लेन मान्येनचे निम्मे पत्रे उडवले. वारा पुरता पडायच्या आत बाबांनी गाडी काढली. वाटेत झाडं आडवी पडली होती, ती लोकांना घेऊन बाजूला करत आम्ही पोहोचलो, तेव्हा आत्या छप्पर नसलेल्या घरात खुर्चीवर बसली होती, मांडीवर इन्स्पेक्टर. मिनिस्टर सापडली नाही.

बाबांनी दोन वर्षांत पहिला शब्द काढला. "आक्का, चल घरी."

"घरीच हाय मी," आत्या म्हणाली. "चा पी."

चूल भिजलेली. चहा झालाच नाही. बाबा कमीज काढून शिडीवर चढले आणि ताडपत्री बांधू लागले. सरकारी हातांना गाठ काही बसेना. आत्या खालून शिव्या देत होती, त्या सगळ्या मी इथं लिहू शकत नाही. बाबा वरून "हो, आक्का" म्हणत होते. समेट तो एवढाच. माफी कुणी मागितली नाही. पण त्यानंतर दर गणपतीला बाबा पानावर मांडलेले गातो पिमां मुकाट्यानं खात आणि पाणी पीत.

आत्या गेली तेव्हा मी स्वतः शाळेत शिकवत होते. फार आजारी पडली नाही. शेतातून आली, बूट काढले, आणि ओट्यावर बसल्या जागी गेली. बूट नीट जोडीनं ठेवले होते, असं शेजारीण सांगत होती.

तेराव्याला बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे. बाबांच्या खिशात भाषण होतं. मला त्यांनी आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. "पूर्वजांचा ठेवा प्राणपणानं जतन करणारी निरक्षर माउली," असं काहीसं. रोज-बेल गाव मागे पडल्यावर मला ते सहन होईना.

"बाबा, तिनं जतन वगैरे काही केलं नाही. तिनं केली ती गाणी. स्वतः. शेतात."

बाबांनी गाडी उसाच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"किती?"

"पाच-सहा सोडून सगळी."

"घार?"

"विमान."

मागून आईनं नाक शिंकरलं, ते रडण्यानं की हसण्यानं, सांगता येणार नाही. बाबा समोरच्या काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी तिची लाल पेन्सिलीनं सुधारली." थोड्या वेळानं पुन्हा, "माझ्या घरात कवी होता आणि मी पुण्याहून मागवत होतो." मीही त्यात होतेच.

प्लेन मान्येनला अंगणात चटयांवर शेतावरच्या बायका बसल्या होत्या, तिच्या टोळीतल्या, वयस्क. जेवणं झाल्यावर बाबा उभे राहिले. भाषण त्यांनी खिशातून काढलंच नाही.

"मला एक चूक कबूल करायची आहे," ते म्हणाले. "पुस्तकातली गाणी पूर्वजांची नाहीत. ती माझ्या बहिणीची आहेत. मला हे आज कळलं."

मी बायकांकडे बघितलं. कुणाला धक्का बसलेला दिसेना. एक म्हातारी पान चघळत होती, ती चघळत राहिली.

"आमास्नी ठावं हाय," ती म्हणाली. "ती तर रोज एक करायची. आमीच मागनं सूर ओढायचो."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी म्हनला जुनी हायत. शिकल्याल्या मानसाला कोन सांगनार?"

दुसरी म्हणाली, "बुकात तर थोडीच हायत. चांगली समदी ऱ्हायली."

बाबा पांढऱ्या धोतरानिशी चटईवर बसले, माझ्याकडे हात केला. मी पर्समधून वही आणि पेन काढून दिलं. "सांगा," ते म्हणाले. "जशी असतील तशी."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुजबूज झाली, कोपरं मारली गेली. पान खाणारी म्हणाली, "सांगू का? रागवाल." बाबांनी मान हलवली. मग तिनं सुरू केलं आणि बाकीच्यांनी मागून ओढलं:

*बारक्या माझा सायब झाला, गळ्यात घातलं दावं*
*डोक्यावरचं रान उजाडलं, तितं ऊस तरी लावावं*

आई उठून घराच्या मागे गेली. तिथून तिचं हसणं ऐकू येत होतं. बाबांचे कान लाल झाले होते, पण पेन चालू होतं. 'सायब' त्यांनी 'सायब'च लिहिलं. 'तितं'वर क्षणभर अडले, आणि तेही तसंच लिहिलं. तिसऱ्या कडव्याशी त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"थांबा, नीट ऐकू आलं नाही. टकल्या का टकलू?"

"टकल्या," म्हातारी म्हणाली. "पन लाडानं म्हनायची."

बाबांनी 'टकल्या' लिहिलं. खाली मान घालून, वहीकडेच बघत, ते म्हणाले, "बरं. मंग फुडं?"